जामीन मंजूर झालाय, पण जामीनदार मिळत नाही. रत्नागिरी कारागृहातून सुटका कशी होईल?

सड्यावरची शाळा
मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण कोर्टात आहे आणि मुलगी लहान आहे. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडाच्या चिरेखाणी आहेत. पाऊस सरला की विजापूरकडची कुटुंबं खाणींवर येतात, पुन्हा पाऊस लागेपर्यंत तिथेच राहतात. त्यांची मुलं आमच्या शाळेत बसतात.

चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांना खाणीवरची पाण्याची मोटार आणि डिझेल चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली. फिर्याद खाणमालकाची. कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३(२). आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि रवानगी रत्नागिरीच्या विशेष कारागृहात. त्याने चोरी केली की नाही हे मला माहीत नाही, ते कोर्ट ठरवेल. पण डिसेंबरच्या मध्यावर त्याला जामीन मंजूर झाला: १५ हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक, ऐपतदार जामीनदार. आता जानेवारी संपत आला. माणूस अजून आतच आहे.

बायकोला मराठी जेमतेम येतं. ती मुकादमाकडे गेली, तर तो म्हणाला मालकाच्या विरोधात मी कसा उभा राहू. गावातले एक गृहस्थ तयार झाले, पण त्यांच्या सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची मिळून पानभर नावं. निम्मे मुंबईला, काही वारलेले, वारस नोंदी झालेल्याच नाहीत. ऐपतीच्या दाखल्याला अर्ज केला, तर तुमचा स्वतंत्र हिस्सा दाखवा म्हणाले. मुकादमाने करून दिलेले वकील आता फोन उचलत नाहीत. आणि कोर्टाच्या आवारात कुणीतरी तिला सांगितलं की ८ हजार दे, आम्ही जामीनदार उभा करतो. ती कानातलं मोडायला निघाली होती, मी थांबवलं.

माझे प्रश्न असे. माझ्या पगारपत्रकावर मी स्वतः जामीन राहू शकते का, आणि त्यात धोका काय? त्याच्या भावाची विजापूर जिल्ह्यात दोन एकर शेती आहे, त्याचा जामीन इथे चालेल का? आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त कळून घ्यायचं आहे: जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहिला, तर त्याच्याकडे बघणं हे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम आहे की नाही?

निवृत्त नाझर, रत्नागिरी
बाई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या आस्थापनेवर गेली, शेवटची वर्षं नाझर, म्हणजे कोर्टाची रोख आणि पावत्या सांभाळणारा, म्हणून. हो, हे काम नेमून दिलेलं आहे, आणि लेखी दिलेलं आहे.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर सूचना दिल्या. त्याआधी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने माहिती गोळा केली होती. जामीन मंजूर होऊनही तुरुंगात असलेले सुमारे ५ हजार लोक देशभरात सापडले होते. सूचना थोडक्यात अशा. जामीन देणाऱ्या कोर्टाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला पोचवायची. अधीक्षकांनी जामिनाची तारीख ई-प्रिझन्स प्रणालीत टाकायची. ७ दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा कारागृहाला भेट देणारे वकील बंद्याकडे पाठवायचे. महिना उलटूनही जामीनपत्र दाखल झालं नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, म्हणून अशा प्रकरणांत ती अट घालू नये, असंही त्यातच सुचवलं आहे.

तुमच्या माणसाचा महिना केव्हाच उलटला. म्हणजे अधीक्षक, सचिव आणि कोर्ट या तिन्ही ठिकाणी विचारायचा अधिकार त्या बाईला आजच आहे. तिच्या वतीने तुम्हीही अर्ज करू शकता.

हे कागद अडतात कुठे ते मी वर्षानुवर्षं जवळून पाहिलं आहे. आदेश झाला की कोर्टाच्या दृष्टीने त्या दिवसाचं काम संपतं. रोजनाम्यात नोंद होते, पुढची तारीख पडते. कारागृहाच्या दृष्टीने सुटकेचा आदेश हातात येईपर्यंत काहीच घडलेलं नसतं. मधलं सगळं, म्हणजे जामीनदार शोधणं, कागद जमवणं, तलाठ्याकडे आणि तहसीलला खेपा, हे आरोपीच्या घरच्यांवर पडतं. ज्याला घर नाही किंवा ज्याचं घर घाटापलीकडे आहे, त्याची फाईल तिथेच थांबते. कुणी मुद्दाम अडवत नाही. पण त्या दिवसांचं नाव कुणाच्याच टेबलावर नसतं. वरच्या सूचनांनी ते नाव लिहिलं आहे, आता ते वापरून घ्यायचं.

आता तुमचा पहिला प्रश्न. नोकरदाराचा जामीन कोर्ट घेतं. पगारपत्रक, कार्यालयाचं ओळखपत्र, आधार, फोटो लागतात, आणि याआधी किती जणांना जामीन राहिलात ते शपथपत्रावर सांगावं लागतं. धोका आहे, तो लपवत नाही. आरोपी तारखेला आला नाही आणि मुचलका जप्त झाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ खाली तुम्हाला नोटीस येते आणि रक्कम दंडासारखी वसूल होते. ती वसूल झालीच नाही, तर जामीनदाराला ६ महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे. कोर्ट रकमेचा काही भाग माफ करू शकतं. आणि जामीनकीतून मोकळं व्हायचं असेल, तर कलम ४८९ खाली अर्ज करता येतो. तुम्ही जिल्हा परिषदेच्या नोकरीत आहात, तेव्हा गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पण माझं मत विचाराल तर तुमच्यावर ही वेळच येऊ नये. आधीचे मार्ग शिल्लक आहेत.

दुसरा प्रश्न, भावाचा. १९७८ सालचा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल वकिलांना दाखवायला सांगा. तो आरोपी गवंडी होता. दंडाधिकाऱ्यांनी १० हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते साफ चुकीचं ठरवलं आणि त्या गवंड्याला १ हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. जवळजवळ पन्नास वर्षं झाली या निकालाला. तुमचा चिरेखाणीवरचा माणूस आणि तो गवंडी यांच्यात फरक एवढाच की इथे दुसरा जिल्हा दुसऱ्या राज्यात आहे. भावाने शेतीच्या पहाणीचा उतारा आणि स्वतःचं आधार घेऊन यावं. उतारा कानडीत असणार, त्याचा मराठी किंवा इंग्रजी अनुवाद सोबत जोडा, नाहीतर पडताळणीच्या नावाखाली आणखी एक तारीख जाईल.

तिसरा मार्ग, जो मला सगळ्यात सरळ वाटतो: त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९०. मुचलक्याच्या जागी कोर्ट रोख रक्कम भरायची परवानगी देऊ शकतं. सोबत कलम ४८४ प्रमाणे रक्कम माणसाची परिस्थिती बघून ठरवायची असते, जास्त असता कामा नये. दंडाधिकाऱ्यांकडे अटी शिथिल करायचा अर्ज द्या. तिथे नाही झालं, तर सत्र न्यायालय रक्कम कमी करू शकतं. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सुरू झालं आहे आणि आपला जिल्हा त्याखालीच येतो, पण एवढ्या कामासाठी तिथवर जायची गरज पडू नये.

रोख भरली तर पावती नाझर विभागातून मिळते. ती जिवापाड जपा. खटला संपल्यावर रक्कम परत मिळते, पण पावती हरवलेली माणसं किती यायची माझ्याकडे! मग प्रतिज्ञापत्र करा, जुनं रजिस्टर शोधा, यात बिचाऱ्यांचे महिने जायचे. मूळ पावती तुमच्याकडे ठेवा, झेरॉक्स त्या बाईकडे, मोबाइलमध्ये फोटो.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. फिर्यादीत, जामिनाच्या आदेशात आणि कारागृहाच्या वॉरंटवर त्याचं नाव, वडिलांचं नाव आणि गुन्हा नोंद क्रमांक एकसारखे आहेत का? कानडी नावं आपल्याकडे प्रत्येक जण वेगळी लिहितो. एका वेलांटीवरून सुटकेचा आदेश दारातून परत आलेला मी पाहिला आहे.

आवारातल्या त्या ८ हजारवाल्यांपासून त्या बाईला लांब ठेवा. तिथे खोटे सातबारे आणि भाड्याची माणसं असतात. उघडकीस आलं तर बनावट कागदाचा नवा गुन्हा आरोपीच्याच गळ्यात पडतो.

जाता जाता विचारतो, फिर्यादीत चोरीच्या मालाची किंमत किती लिहिली आहे? ५ हजारांच्या आत असेल, तर गोष्ट वेगळी. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल परत केला, तर नव्या न्याय संहितेत त्याला समाजसेवेची शिक्षा आहे, आणि तो गुन्हा जामीनपात्र आहे.

सड्यावरची शाळा
काका, इतकं सविस्तर लिहिलंत, फार आभार. किंमत २२ हजार लिहिली आहे, म्हणजे ती वाट नाही. नावाचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं. आदेशात वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं आहे. आणि तीन वर्षांची शिक्षा असेल तर एक तृतीयांश काळ झाल्यावर आपोआप सोडतात, असं मुकादम तिला सांगत होता. ते खरं आहे का? ती त्याच आशेवर आहे.

विधी स्वयंसेवक, कुडाळ
बाई, नमस्कार. मी सिंधुदुर्गात विधी स्वयंसेवक म्हणून काम करते, ओरोस आणि सावंतवाडीच्या कारागृहांत जाणं होतं.

मुकादम म्हणतो ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. आधी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधी, आत काढला, की त्याला मुचलक्यावर सोडायचं, आणि त्यासाठी कोर्टाकडे लेखी अर्ज करणं हे कारागृह अधीक्षकांचं कर्तव्य आहे. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगितली आहे त्याला हे लागू नाही, आणि माणसावर एकापेक्षा जास्त प्रकरणं चालू असतील तरी नाही. पण तुमच्या प्रकरणात एक तृतीयांश म्हणजे पूर्ण एक वर्ष. ज्याला जामीन डिसेंबरमध्येच मिळाला आहे त्याने पुढच्या दिवाळीपर्यंत वाट का पाहायची? तिला हे नीट समजावून सांगा. आत बसलेल्या माणसालाही सांगायला हवं, कारण बरेच जण "तारीख आली की सोडतील" एवढ्यावरच असतात. जामीन मंजूर झालाय हेच माहीत नसलेले लोक मला बराकीत भेटले आहेत.

आता करायचं काय ते सांगते. राजापूरच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे साध्या कागदावर अर्ज द्या. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये ते स्पष्ट आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालय असतं, तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात, कुणाकडून फी घेत नाहीत. अडलं तर १५१०० हा फोन आहे. अर्जात तीन गोष्टी नक्की लिहा: जामिनाची तारीख, ७ दिवस उलटून गेल्याचं, आणि घरची परिस्थिती. कोर्टाला परिस्थितीचा अहवाल हवा असेल, तर प्राधिकरण तो करून देऊ शकतं. त्यात मुलगी तुमच्या शाळेत शिकते, कुटुंब खाणीवर राहतं, भाऊ अमुक गावी, हे सगळं आलं पाहिजे. हा माणूस कुठे सापडेल, हेच कोर्टाला बघायचं असतं. शाळेचा दाखला त्यासाठी उपयोगी पडेल.

पैशांचीच अडचण असेल, तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे. कच्च्या कैद्याच्या जामिनाची रक्कम जिल्ह्याची समिती मंजूर करू शकते; जून २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची मर्यादा ४० हजार होती. त्या समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव, कारागृह अधिकारी आणि न्यायाधीश असतात. काही गंभीर गुन्हे वगळले आहेत, साधी चोरी त्यात येत नाही. पण समितीची बैठक, मंजुरी, रक्कम वर्ग होणं याला वेळ लागतो. नाझर काका म्हणतात तसा अटी शिथिल करायचा अर्ज आधी पडू द्या, हा दुसरा अर्ज त्याच दिवशी सोबत द्या.

आणि सातबाऱ्याबद्दल. कोकणात ही अडचण घरोघरी आहे. सामाईक क्षेत्र, वारस नोंद नाही, पोटहिस्सा पडलेला नाही. दोन एकरांवर चाळीस नावं असलेल्या गावात "स्थानिक ऐपतदार जामीनदार" ही अट बाहेरून आलेल्याला जेवढी जड जाते, तेवढीच इथल्या कुळवाड्यालाही. आमच्याकडे एका म्हाताऱ्या आईला स्वतःच्या मुलाला जामीन राहता आलं नव्हतं, कारण घर सासऱ्याच्या नावावर आणि सासरे वारून दोन पिढ्या झालेल्या. म्हणून मी प्रत्येक वेळी आधी ती अटच काढून घेण्याचा आग्रह धरते.

जांभा_लांजा
बाई, राग मानू नका, पण दुसरी बाजूही कुणीतरी सांगायला हवी. माझी लांजा तालुक्यात खाण आहे. चोरी आमच्याकडेही झाली आहे. मोटार गेली की चार दिवस मशीन बंद, कामगार बसून, आणि गिऱ्हाइकाला चिरा वेळेवर नाही. पोलिसांत दिलं, माणूस पकडला, जामिनावर सुटला, मे महिन्यात खाण बंद झाली तसा गावी गेला तो गेलाच. तारखेला हजर नाही, मग वॉरंट. पोलीस माझ्याकडे विचारायला येतात की तुमचा कामगार कुठे. माझी मोटार मुद्देमाल म्हणून पडून राहिली आणि खटला उभाच राहिला नाही. उद्या कोर्टाने स्थानिक जामीनदार मागायचाच नाही असं ठरवलं, तर माझ्यासारख्याने कुणाच्या भरवशावर फिर्याद द्यायची? गरिबाला आत सडवा असं मी म्हणत नाही. पण तो परत येईल याची काहीतरी व्यवस्था हवी ना?

निवृत्त नाझर, रत्नागिरी
तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. फिर्यादीलाही न्याय वेळेत मिळायला हवा. मुद्देमालाचं मात्र आधी सांगतो. मोटार तुमची असेल, तर खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही. बिल दाखवून ताब्यासाठी कोर्टात अर्ज करा. बंधपत्रावर माल परत मिळतो, फोटो आणि पंचनामा फाईलला राहतात.

आता माणूस परत येण्याचं. मी कोर्टात पाहिलं ते असं: बाहेरून आलेले मजूर फरार होतात त्यातले बरेचसे पळून जात नाहीत, त्यांना तारीखच कळलेली नसते. खाणी पावसाळ्यात बंद. माणूस जूनमध्ये विजापूरला जातो. जुलैची तारीख वकिलांना माहीत, वकिलांकडे त्याचा जुना नंबर. तो गैरहजर, वॉरंट निघतं, वॉरंट राजापूरच्या खाणीच्या पत्त्यावर जातं, तिथे त्या दिवसांत कुत्रंही नसतं. शेरा पडतो, "मिळून आला नाही". पुढच्या हंगामात तो आपल्या पायाने कामावर येतो आणि तिथेच पकडला जातो. मग पुन्हा जामीन, आणि या वेळी दुप्पट रकमेचा.

स्थानिक जामीनदाराने यातलं काय थांबतं? ज्याने पैसे घेऊन सही केली तो तर आरोपीला ओळखतही नाही. माणूस परत यावा असं खरोखर वाटत असेल, तर जामीन देतानाच दोन पत्ते लिहून घ्यावेत, खाणीचा आणि गावचा. भावाचा किंवा बायकोचा मोबाइल नंबर, आधार, गावच्या पोलीस ठाण्याचं नाव फाईलला असावं. इथे असेपर्यंत पोलीस ठाण्यात ठरावीक दिवशी हजेरी. आणि पावसाळ्यात गावी जाणार हे कोर्टाला आधीच सांगून, त्या काळातल्या तारखांना वकिलांमार्फत हजेरी माफीचा अर्ज. साक्षीपुरावा असेल त्या तारखेला तेवढं यायचं. या गोष्टी कुठल्याही दंडाधिकाऱ्यांच्या अधिकारात आहेत, त्याला नवीन कायदा नको. आमच्या वेळी एक न्यायाधीश होते, ते हंगामी मजुरांच्या खटल्यांना शक्यतो नोव्हेंबर ते एप्रिलमधल्याच तारखा द्यायचे. बोर्डावर तेवढं बघणं बेंच क्लार्कला सहज जमतं. त्या कोर्टात वॉरंटांचा ढीग कमी असायचा, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. ज्यांच्याबद्दल कोर्टाने "बाहेर राहू दे" असं ठरवलं आहे, त्यांना तरी केवळ कागदासाठी आत ठेवू नये. जागा, शिपाई, जेवण, तारखेला न्यायला पोलीस गाडी, हे सगळं जनतेच्याच पैशातून जातं. आणि त्या पोलीस गाडीला माणसं पुरत नाहीत म्हणून तुमच्या खटल्याची तारीख पुढे जाते, जांभाशेठ. तुमचा खटला आणि त्याची कोठडी एकाच व्यवस्थेत अडकलेली आहेत.

जांभा_लांजा
मुद्देमालाचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्ज करतो. आणि पत्ते, मोबाइल नंबर लिहून घ्यायचं आमच्याकडूनही होऊ शकतं. मुकादम माणसं आणतो तेव्हा आम्ही आधारची झेरॉक्स घेतो, पण गावचा नंबर घेत नाही.

सड्यावरची शाळा
कळवायला उशीर झाला, परीक्षेची तयारी चालू होती.

राजापूरला तालुका समितीत अर्ज दिला. तिथल्या लिपिक ताईंनी तो शांतपणे वाचून घेतला आणि त्याच दिवशी पुढे पाठवला. लोक अभिरक्षक कार्यालयातल्या वकिलांनी अटी शिथिल करायचा अर्ज केला, मोतीरामचा निकाल आणि २०२३ च्या सूचना जोडल्या. शाळेचा दाखला दिला, पहाणी उताऱ्याचा अनुवाद भावाने विजापूरहून करून आणला. सरकारी वकिलांनी हरकत घेतली की आरोपी परराज्यातला आहे. त्यावर दोन्ही पत्ते आणि भावाचा नंबर लेखी दिला. कोर्टाने स्थानिक जामीनदाराची अट काढली. ५ हजार रोख, स्वतःचा मुचलका, आणि इथे असेपर्यंत महिन्याच्या पहिल्या सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. रोख भावाने भरली. पावती माझ्या कपाटात आहे, काका.

वडिलांच्या नावातलं ते अक्षर अर्जातच दाखवून दिलं होतं, त्यामुळे आदेशात दुरुस्ती होऊन आली. सुटकेचा आदेश रत्नागिरीला पोचला तोवर कारागृहाची संध्याकाळची बंदी झाली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं. भाऊ हातखंब्याला नातेवाइकाकडे थांबला होता, तो घेऊन आला.

मी कारागृहाकडे लेखी विचारलं होतं की ७ दिवसांनंतर प्राधिकरणाला कळवलं होतं का. अजून उत्तर आलेलं नाही. उत्तर येईपर्यंत विचारत राहणार आहे. त्याने सांगितलं की त्याच्या बराकीत जामीन होऊनही अडकलेले आणखी लोक आहेत. एक मिरकरवाड्याच्या बोटीवरचा खलाशी, एक आंब्याच्या बागेतला राखणदार. दोघांचीही माणसं लांबची. त्यांची नावं माझ्याकडे आहेत. यांचं काय करू?

विधी स्वयंसेवक, कुडाळ
बाई, नावं इथे लिहू नका. रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे अर्ज करा, नावं आणि जमलं तर कोर्ट व गुन्हा क्रमांक लिहा, पोच घ्या. कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी जिल्हा समिती असते, प्रधान जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशानंतर ती प्रत्येक जिल्ह्यात आहे, आणि जामीन मिळूनही जामीनदार न मिळालेले बंदी हा तिने बघायच्या यादीतलाच एक प्रकार आहे. तिमाही बैठकीच्या आधी ही नावं यादीत गेली पाहिजेत, म्हणून अर्जात "समितीसमोर ठेवावे" असं स्पष्ट लिहा. खलाशाचं लवकर करा. १ जूनपासून मासेमारी बंद झाली की त्याची ओळख सांगणारा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि बोटीवरचे सोबती आपापल्या गावी जातील, मग परिस्थितीचा अहवाल कुणाला विचारून करायचा?

निवृत्त नाझर, रत्नागिरी
आणि तुमच्या माणसासाठी एवढं करा. ई-कोर्ट्सचं ॲप त्याच्या किंवा भावाच्या मोबाइलवर घाला, प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा वेगळा नंबर, त्यात टाकून द्या, पुढची तारीख तिथेच दिसते. दोषारोपपत्र आलं आहे का ते वकिलांना विचारा. मे महिन्यात गावी निघायच्या आधी त्याला वकिलांकडे एकदा घेऊन जा, पावसाळ्यातल्या तारखांच्या हजेरी माफीचा अर्ज तेव्हाच सही करून ठेवू दे. खाण बंद झाल्यावर सही घ्यायला विजापूरला कोण जाणार?